करोल बागेतील वाणी आणि मराठी पाकपुस्तके

मराठीत पाकशास्त्रावरील पुस्तकांची परंपरा लहान नाही. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' हे १९१० सालचे. कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरे'ने १९७० पासून मराठी घरात जी जागा मिळविली, ती पंचांगाखेरीज दुसऱ्या पुस्तकास क्वचितच मिळाली असेल. इतके असूनही या वाङ्मयाचा वाङ्मय म्हणून विचार करण्याचे आपल्या समीक्षेच्या मनात फारसे आलेले नाही. नायिकेच्या मनोव्यापारांची आपण पानेच्या पाने चिकित्सा करतो. परंतु 'चवीपुरता गूळ आणि चार आमसुले घालावीत' अशा धर्तीच्या वाक्यात लिहिणाऱ्याने वाचकाविषयी किती गोष्टी गृहीत धरल्या आहेत, हे कोणी विचारीत नाही. गूळ कोणता, आमसुले कोठली, ती विकणारा वाणी कोणती भाषा बोलतो, आणि आमसुलेच मिळाली नाहीत तर आमटीचे काय करावयाचे, हे सारे प्रश्न त्या वाक्याच्या बाहेर तिष्ठत उभे असतात.

पुण्यात वा सांगलीत बसून वाचणाऱ्यास ते दिसतही नाहीत. नोकरीनिमित्त मुलूख सोडून आलेल्या माणसास मात्र ते पहिल्याच महिन्यात भेटतात. या मासिकाचे वाचक बहुतेक आमच्यासारखेच बदलीच्या आदेशाबरोबर गावे पालटणारे असल्याने, ही पुस्तके त्यांच्या बाजूने एकदा वाचून पाहण्यास हरकत नसावी. आम्ही ती दिल्लीच्या करोल बागेत वाचली, आणि वाचताना पिशवी हातात होती.

करोल बाग हा या परीक्षेस फार सोयीचा भाग आहे. कॅनॉट प्लेस उभारण्यासाठी ज्या वस्त्या उठविल्या, त्यांतील लोक येथे आले. हकीम अजमल खानांच्या तिब्बिया महाविद्यालयाचे उद्घाटन गांधीजींनी फेब्रुवारी १९२१ मध्ये येथेच केले. पुढे १९४७ नंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी या भागाला आजचा चेहरा दिला. बिडनपुऱ्यात बंगाली सुवर्णकार आहेत. सरकारी कचेऱ्यांतून काम करणारे तमिळ कारकून येथे पिढ्यान् पिढ्या राहिले. सरहद्द गांधींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गफार मार्केटात तर एके काळी 'इम्पोर्टेड' हा शब्द मंत्रासारखा उच्चारला जाई. परदेशी अत्तर, परदेशी घड्याळ, परदेशी चॉकलेट, जे मागाल ते तेथे मिळत असे. स्वित्झर्लंडचे चॉकलेट मिळे. रत्नागिरीचे आमसूल मिळत नसे. परदेशी आणि परप्रांतीय यांत अधिक दूरचे कोण, याचा निर्णय भूगोलाने होत नाही, मागणीने होतो. ज्या मालाच्या मागे गिऱ्हाईक उभे नाही, तो माल शेजारच्या राज्यातील असला तरी परदेशीच.

येथे एक प्रश्न आम्हांस बरीच वर्षे छळीत आला आहे. तमिळ कारकूनही नोकरीसाठीच आला, मराठी कारकूनही नोकरीसाठीच आला. पगार तोच, श्रेणी तीच, चाळवजा घरे तीच. मग त्याच्यासाठी कॉफीची पूड दळून देणारे, उकडा तांदूळ, केळीची पाने आणि ताजा कढीपत्ता ठेवणारे दुकान उभे राहिले, आणि आमच्यासाठी का राहिले नाही? मराठी माणसास धंदा जमत नाही, हे ठराविक उत्तर आम्हांस पटत नाही. गलाईच्या धंद्यात विटे-खानापूर भागातील माणसे देशभरच्या सराफ बाजारांतून पसरली आहेत. धंद्याचे वावडे असते तर ती पसरली नसती. आमच्या मते कारण स्वयंपाकातच आहे. तमिळ घरास दिल्लीच्या बाजारात जवळचे असे काहीच मिळेना, म्हणून त्याला स्वतःचा बाजार आणावा लागला. आम्हांस मात्र निम्मेशिम्मे सारे मिळाले. गहू होता, हरभऱ्याची डाळ होती, बेसन होते, तूर होती, गूळ होता. वरण झाले, पोळी झाली, भागले. जे भागते त्याच्यासाठी कोणी दुकान घालीत नाही. परकेपणाने तमिळ स्वयंपाक जगला. आपला स्वयंपाक जवळिकीने झिजत चालला आहे, आणि झीज ही डोळ्यांस दिसत नसल्यामुळे तिची तक्रारही कोणी केलेली नाही.

या झिजेत पहिली जातात ती नावे. पाकपुस्तक नावांवर चालते, म्हणून त्याची पहिली कसोटी येथेच लागते. पुस्तकात 'मटकी' असते. दुकानात 'मोठ' असते. चवळी मागावी तर वाणी चौलाईकडे बोट दाखवितो, ती निघते माठाच्या जातीची भाजी. चवळी हवी तर 'लोबिया' म्हणावे लागते. तूर ही 'अरहर' होते. दुधी 'लौकी', दोडका 'तोरी', पडवळ 'चिचिंडा', येथवर ठीक; नवा शब्द शिकला की झाले. खरी गंमत, किंबहुना खरी अडचण, तोच शब्द वेगळ्या वस्तूस चिकटलेला असतो तेव्हा येते. दिल्लीच्या भाजीबाजारात 'सीताफल' म्हणजे तांबडा भोपळा. आपले सीताफळ येथे 'शरीफा' म्हणून हातगाडीवर वेगळे बसते. 'ककडी' म्हणजे उन्हाळ्यातील लांब, वाकडी, फिकट हिरवी काकडी. आपण कोशिंबिरीस जी घेतो ती 'खीरा'. थंडीत मेथीच्या जुड्यांशेजारी 'सोया' विकावयास येतो. तो सोयाबीन नव्हे, तो आपला शेपू. नव्याने बदलून आलेल्या एका गृहस्थांच्या घरी वर्षभर शेपूची भाजी झाली नाही. शेपू दिल्लीत पिकत नाही, असे त्यांच्या मंडळींनी ठरवून टाकले होते, आणि तो रोज त्यांच्या दारावरून ओरडत जात होता.

उपासाच्या दिवसांत तर नावांचा घोळ धर्माच्या प्रांतात शिरतो. वऱ्याचे तांदूळ, म्हणजेच भगर, येथे 'समा' किंवा 'सामक' म्हणून जवळपास त्याच रूपात मिळतात. राजगिरा 'रामदाना' होतो. नवरात्रात दिल्लीकर ज्या 'कुट्टू'च्या पिठाच्या पुऱ्या खातो, ते पीठ आपल्या उपासाच्या यादीत नाही. आणि आपण जे खातो त्यांतील काही गोष्टी त्याच्या यादीत नाहीत. शेजारणी शेजारणींत यावरून हळू आवाजात बरीच शास्त्रचर्चा चालते. मराठी पाकपुस्तकाच्या शेवटी पदार्थांची अनुक्रमणिका असते, क्वचित वजनमापांचे कोष्टक असते. ज्या पानाची आम्हांस सर्वांत अधिक गरज, ते नावांचे पान मात्र आमच्या हाताखालून गेलेल्या पुस्तकांत क्वचितच आढळले. जेथे आढळले तेथे मराठी नावापुढे इंग्रजी नाव होते. करोल बागेतील वाण्यास त्याचा काय उपयोग?

'रुचिरे'विषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. त्या पुस्तकाचा मोठा गुण वाटी आणि चमचा यांच्या मापात आहे, आणि तो गुण घरापेक्षा परमुलुखातच अधिक कळतो. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले, तेव्हा जुन्या पाकपुस्तकांतील प्रमाणे एका पिढीत परकी झाली. वाटी मात्र कोणत्याही कायद्याने बदलत नाही. ती संसाराबरोबर लोखंडी पेटीतून दिल्लीस येते, आणि एका वाटीस दोन वाट्या हे प्रमाण दिल्लीतही दोनच वाट्या राहते. प्रवासास निघालेल्या कुटुंबास याहून उत्तम माप कोणी दिले नसते. कमलाबाईंनी प्रवासी वाचक डोळ्यांपुढे ठेवला होता असे आमचे म्हणणे नाही. नव्याने संसारास लागलेली मुलगी त्यांच्यापुढे होती. परंतु घर सोडून आलेली मुलगी आणि प्रांत सोडून आलेला कारकून यांची असहायता एकाच जातीची असल्यामुळे पुस्तक दोघांनाही पावले.

तथापि माप म्हणजे कारण नव्हे. आम्हां सरकारी कचेरीतील माणसांस याचा भेद चटकन कळावा. कारणे न देता काढलेला आदेश पाळता येतो, पण परिस्थिती बदलली की त्याचे काय करावयाचे ते कोणास समजत नाही. टिप्पणी जोडलेली असली तर पुढच्या माणसास निदान हेतू कळतो. आपली पाकपुस्तके बहुतांशी टिप्पणीविना आदेश काढतात. 'चार आमसुले' हा आदेश झाला. आमसूल कशासाठी, हे सांगितलेले नसते, आणि ते ठाऊक नसेल तर बदलीची वस्तू निवडावी कशी?

आमसुलाचेच उदाहरण घेऊ, कारण दिल्लीतील मराठी घराचा सर्वांत जुना शोध बहुधा त्याचाच आहे. येथे आंबटासाठी तीन वस्तू सहज मिळतात: चिंच, आमचूर आणि लिंबू. तमिळ-मल्याळी दुकानात चौथी मिळते, कुडमपुळी. ती कोकमाच्याच कुळातील, पण धुरावर वाळविलेली, काळी आणि वासाने वेगळीच. आमटीत आमसूल जे करते ते यांपैकी एकही पुरते करीत नाही. चिंच रस्सा दाट व गढूळ करते आणि गूळ जास्त मागते; आमसुलाची आंबटाई पातळ असते, ती डाळीच्या अंगावर चढत नाही, मागून येते. आमचूर उकळत्या आमटीत सुरुवातीस घातला तर त्याची धार बोथट होते, म्हणून तो शेवटी घालावयाचा. लिंबू तर विस्तव बंद केल्यावरच. हे इतके एका परिच्छेदात कोणी लिहून ठेवले असते तर दिल्लीतील कितीतरी घरांची आमटी सुधारली असती. पण पुस्तक म्हणते, चार आमसुले.

या ठिकाणी तंजावरची गोष्ट आठवल्यावाचून राहत नाही. शहाजीराजांच्या मुदपाकखान्यात आमटीसाठी कोकम संपले, तेव्हा तेथील चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांच्या नावावरून त्या पदार्थास सांबार हे नाव पडले, अशी कथा मोठ्या आवडीने सांगितली जाते. तिला समकालीन कागदाचा आधार दाखविलेला आमच्या वाचनात नाही, आणि व्युत्पत्तीच्या दृष्टीनेही ती संशयास्पद आहे. पण कथा खोटी असली तरी ती सांगणाऱ्याची ओढ खोटी नाही. वस्तू संपली आणि तिच्या जागी जे मिळाले त्यातून नवे काही निपजले, असे परमुलुखातल्या माणसास स्वतःविषयी ऐकावयास आवडते. तंजावरच्या मराठ्यांविषयी पक्की गोष्ट सांगावयाची तर ती वेगळी आहे: दुसऱ्या सरफोजीराजांच्या कारकिर्दीतील (१७९८–१८३२) 'शरभेंद्र पाकशास्त्र' हा मराठी पाकग्रंथ. महाराष्ट्रापासून इतक्या दूर, तमिळ बाजाराच्या मध्यावर बसून, त्या लोकांनी आपला स्वयंपाक मराठीत लिहून ठेवला. दिल्लीत मराठी सत्तेचा वावर अठराव्या शतकात झाला, सरकारी नोकरांचा वावर तर आजही आहे. आम्ही मागे काय लिहून ठेवले, हा प्रश्न थोडा अवघड वाटतो.

आता मसाल्याकडे वळू. गोडा मसाला ही मराठी स्वयंपाकाची सही आहे, असे आपण मानतो. ती सही दिल्लीत करावयाची तर करोल बाग सोडून खारी बावलीस जावे लागते. फतेहपुरी मशिदीच्या बाजूस लागलेला हा घाऊक बाजार. हमालांच्या पाठीवरील पोत्यांतून उडणाऱ्या मिरचीने पहिली शिंक येते तेथून तो सुरू झाला असे समजावे. तेथे दगडफूल 'पत्थर फूल' किंवा 'छडीला' या नावाने मिळते. जायपत्री 'जावित्री' होते, बाद्यान 'चक्र फूल'. नागकेशर नागकेशरच राहते, तेवढाच दिलासा. आणि येथे एक गोष्ट उलगडते, जी पुण्याच्या भुसार दुकानात उभे राहून कधीच उलगडली नसती. ज्या दगडफुलावाचून गोडा मसाला गोडा होत नाही, ते हिमालयाच्या अंगावर वाढणाऱ्या झाडांवरूनही खरवडून बाजारात येते. उत्तराखंडातील लोक त्यास 'झूला घास' म्हणतात. म्हणजे आम्ही जी वस्तू गावाहून गोवा एक्स्प्रेसने बोचक्यात बांधून दिल्लीस आणतो, तिच्यातील काही अंश कदाचित दिल्लीवरूनच दक्षिणेस गेलेला असतो. हिंगाची कथा तर याहून जुनी आहे. फोडणीतील चिमूटभर हिंग अफगाणिस्तान-इराणकडून येत आला. आपल्या देशात त्याची लागवड करण्याचा प्रयत्न लाहौलमध्ये ऑक्टोबर २०२० मध्ये सुरू झाला.

हा विचार एकादशीच्या ताटापर्यंत नेला तर गंमत होते. साबुदाण्याच्या खिचडीत काय असते? साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो अमेरिका खंडातला. त्याचा देशी धंदा सेलमच्या बाजूस दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, परदेशी माल बंद पडल्यावर, उभा राहिला. बटाटा अमेरिकेचा, भुईमूग अमेरिकेचा, मिरची अमेरिकेची. जिरेदेखील मुळात पश्चिमेकडून आलेले. तूप तेवढे घरचे. आणि एवढे सगळे 'इम्पोर्टेड' एकत्र करून आपण त्याला उपासाचे, म्हणजे सर्वांत सोवळ्यातले अन्न मानतो. पाकपुस्तकांच्या प्रस्तावनांतून 'आपले अस्सल मराठमोळे पदार्थ' असा शब्दप्रयोग आला की आम्ही आता थोडे सावधपणे पुढे वाचतो. अस्सलपणा वस्तूच्या जन्मगावात शोधावयास गेलो तर हातात काही उरणार नाही. तो वस्तूला काय करावयास लावले त्यात आहे: दाण्याचे कूट करून ते साबुदाण्याच्या दाण्यादाण्यास लावावे, म्हणजे गोळा होत नाही, हे कोणा अमेरिकनाने शिकविलेले नाही. ते 'कशासाठी' पुस्तकात उतरले तर स्वयंपाक प्रवास करू शकतो. नुसती वस्तूंची यादी उतरली तर वस्तू संपल्या की स्वयंपाकही संपतो.

आठवणीपर वाङ्मयाचे मात्र आम्हांस याहून कठीण वाटते. खाद्यजीवनावरील आपले ललित लेखन विपुल आहे आणि त्यातील काही फार मोहक आहे. परंतु त्यातला एक ठराविक सूर असा की, सारे वर्णन अखेरीस 'आईच्या हाताची चव' येथे येऊन थांबते. हे वाक्य ऐकावयास गोड आणि परिणामी निष्ठुर आहे. त्याने प्रश्नच मिटतो. हातात चव असेल तर शिकण्यासारखे काही राहत नाही. आई गावी आहे, आपण दिल्लीत आहोत, मग रडावे आणि पंजाबी ढाब्यावर जेवावे. आईच्या हातात चव नव्हती, आईच्या हातात माहिती होती. मसाला किती भाजला म्हणजे कडवट होतो, कोणत्या महिन्यातील गूळ पुरणास चालत नाही, ही माहिती. ती माहिती आहे असे म्हटले तर विचारता येते, लिहून घेता येते. दुर्गाबाई भागवतांचे 'खमंग' याला अपवाद म्हणून आम्ही नेहमी पुढे करतो. लोकसंस्कृतीचा अभ्यास केलेली विदुषी चुलीपाशी बसते तेव्हा पदार्थाच्या मागची रीत आणि रीतीमागची समजूत ती सोडून देत नाही. अशी पुस्तके आणखी हवी होती.

हवामान आणि धान्य यांचा विषय तर पुस्तकांनी जवळजवळ वर्ज्यच मानला आहे. 'मटकीस मोड आणावेत' हे तीन शब्द पुण्यात एका रात्रीचे काम आहे. दिल्लीच्या जानेवारीत, किमान तपमान चार-पाच अंशांवर उतरलेले असताना, मटकी फडक्यात बांधून रजईत ठेवली तरी तिसऱ्या दिवशी कोठे पांढरे टोक दिसते. आणि जूनमध्ये तीच मटकी सकाळी बांधली तर संध्याकाळी आंबूस वास येऊ लागतो. तांदळाचेही तेच. दिल्लीचा बाजार जुन्या, कोरड्या, सुट्या दाण्याच्या बासमतीस मान देतो. आपल्या वरणास मऊ, थोडा चिकटसर भात लागतो. येथला वाणी उत्तम म्हणून जो तांदूळ पुढे करील त्याचा गुरगुट्या भात होणे नाही. उत्तम या शब्दाचा अर्थही प्रांताप्रांतास बदलतो, हे सांगण्यास पाकपुस्तकाहून योग्य जागा कोणती?

ज्वारीची कथा सांगून हे प्रकरण संपवितो, कारण तिला अलीकडे सरकारी कलाटणी मिळाली आहे. दिल्लीच्या आसपास ज्वारी म्हणजे प्रामुख्याने गुरांची 'चरी'. बाजरीचे तसे नाही. हरियाणा-राजस्थानची बाजरी हिवाळ्यात येथे कोठेही मिळते आणि तिची भाकरी उत्तम होते. ज्वारीचे पीठ मात्र मिळालेच तर जुने, विरी गेलेले. थापताना कडा फुटतात, उचलताना भाकरी हातात दुभंगते. उकळत्या पाण्यात पीठ भिजविले तर काही अंशी साधते. पुढे संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून जाहीर केले, डिसेंबर २०२२ मध्ये संसदेत भरडधान्यांचे भोजन झाले, अर्थसंकल्पात 'श्री अन्न' हे नाव आले, आणि जी ज्वारी आजवर बैलाच्या दाव्याशी होती ती चकचकीत पाकिटात बसून काचेच्या दुकानात गेली. गव्हाच्या कितीतरी पट भाव देऊन ती आता करोल बागेतही घेता येते. पाकिटावर गुण लिहिलेले असतात: तंतू, लोह, आणखी काही. ते पीठ किती दिवसांचे आहे, हे भाकरी थापणाऱ्यास हवे असलेले एकच वाक्य मोठ्या अक्षरात नसते.

कोणी म्हणेल, हे सारे आता जुने झाले. भ्रमणध्वनीवर बोट ठेवले की कोकम, गोडा मसाला, मेतकूट सारे घरपोच येते. येते, हे खरे आहे. करोल बाग आणि जुने राजेंद्र नगर येथे लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी महाराष्ट्रातून येऊन राहणारी मुले इतकी झाली आहेत की त्यांच्यासाठी पोहे, पिठले, ठेचा देणाऱ्या खाणावळीही निघाल्या. कॅनॉट प्लेसचा बाजार कधी काळी आपल्यासाठी जे करू शकला नाही ते एका विद्यार्थिवर्गाने चार-दोन वर्षांत घडविले, याचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु भ्रमणध्वनीवरील दुकानासही नाव सांगावेच लागते, आणि नाव ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकास ते काहीच दाखवीत नाही. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलास मटकी खावयास मिळते, पण ती 'मोठ' म्हणून. भगर मिळते, पण 'समा' म्हणून. त्याच्या तोंडी चव राहिली आणि शब्द गेला. शब्द गेला की पुस्तक बंद झाले. मग 'रुचिरा' कपाटात असली काय आणि नसली काय. पहाडगंजातल्या नूतन मराठी शाळेसारख्या संस्थांनी भाषा जितकी सांभाळली तितकी सांभाळली. पण शाळेत कविता शिकवितात, कडधान्ये शिकवीत नाहीत.

म्हणून आमची मागणी एका पुस्तकाची आहे, आणि ती आम्ही प्रकाशकांपुढे ठेवीत आहोत. त्यात पदार्थ शंभर असले तरी पुरे. प्रत्येक वस्तूचे मराठी नाव, तिचे दिल्लीतील, कलकत्त्यातील, चेन्नईतील बाजारी नाव, ती पदार्थात काय काम करते, आणि ती नसेल तर ते काम कोणाकडून किती प्रमाणात करून घ्यावे, एवढे त्यात असावे. हे काही अशक्य नाही. याचा एक हस्तलिखित नमुना आमच्या पाहण्यात आहे.

देवनगरच्या सरकारी वसाहतीत राहणाऱ्या एका वहिनींची ती वही आहे. यजमान आमच्याच एका कचेरीत. खतावणीसारखी ती लांबट वही, आत तीन रकाने: 'आपले नाव', 'इकडचे नाव', 'कशासाठी'. भाषा अगदी साधी, कोठे कोठे अशुद्धही; पण मराठी पाकवाङ्मयात आम्ही जे शोधीत होतो ते त्या तिसऱ्या रकान्यात आहे. 'खोबरे – गोला – दाटपणा व तेल सुटण्यास. नसल्यास तीळ निम्मे.' 'चिक्कीचा गूळ – नाही – इकडचा साधा गूळ चालतो, पण पाक चिकट होत नाही, वडी पडत नाही.' 'शेपू – सोया – वासास. मुलांना सांगू नये.' 'तिरफळ' या नोंदीपाशी बरीच खाडाखोड आहे. कोकणी माणसास बांगड्याच्या कालवणात तिरफळ लागते, आणि दिल्लीत ते मिळत नाही. वहिनींनी प्रथम मिरे लिहून खोडले आहे. मग कोणा गढवाली शेजारणीकडून 'तिमूर' हे नाव लागले. तिमूर तिरफळाच्याच कुळातील, हिमालयातील भाऊबंद. याच कुळातील एक दाणा चिनी-तिबेटी स्वयंपाकातही जिभेस मुंग्या आणतो, आणि मजनू का टिला येथील तिबेटी वस्तीत तो मिळतो. वहिनींना कुळाची कल्पना असण्याचे कारण नव्हते. जिभेने त्यांनी ते ओळखले. पुढे लिहिले आहे: 'बी काढून टाकावी. तिरफळाच्या निम्मे. वास लिंबासारखा जास्त, मुंग्या तशाच. शेवटी घालून झाकण ठेवावे.'

वहीतील शंभरएक नोंदींपैकी दुसरा रकाना रिकामा असलेल्या नोंदी आता थोड्याच उरल्या आहेत. त्यांत 'कडवे वाल' ही एक आहे. त्यापुढे 'इकडचे नाव' कोरे. तिसऱ्या रकान्यात 'बिरड्यासाठी, दुसरे काही चालत नाही', आणि खाली वेगळ्या शाईने, पुढच्या एल्. टी. सी.ची तारीख.